ओसरीवरच्या गोष्टी : ढोलकी वाजवणाऱ्या पोराची वही



भारी धानाचे पुंजणे खळ्यावर आले, बहुतेकांचे चुरणेही आटोपत आले. आता आपल्या झाडीपट्टीत रात्री कोणी लवकर झोपत नाही. आज या गावची मंडई, उद्या त्या गावचा शंकरपट, आणि मंडई-शंकरपट म्हटले की रात्री नाटक ठरलेलेच. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांच्या गाड्या सामान लादून दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत फिरत असतात. लेकी माहेरी येतात, सोयरे मुक्कामाला येतात, आणि रात्री उशिरा सुरू झालेले नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालते.

नाटक पाहताना आपण नायकाला पाहतो, खलनायकाला शिव्या घालतो, दुःखाचा प्रसंग आला की पदर डोळ्याला लावतो. रंगमंचाच्या कडेला बसून रातभर पेटी, तबला, ढोलकी वाजवणाऱ्या पोरांकडे मात्र आपले लक्ष जात नाही. ढोलकी थांबली तरच ध्यानात येते की ती वाजत होती. आजची गोष्ट त्या पोरांची आहे.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावची एक बाई ओसरीवर आली. हातात पिशवी, पिशवीत नव्या तांदळाची पुडी. थोडे इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने मनातले काढले.

"भाऊजी, आमचा पोरगा भजनात ढोलकी वाजवते. आता नाटकवालेही बोलावते त्याले. त्याचा बाप म्हणते, ढोलकीनं पोट भरत नाही, बांधीत ये. पोरगा म्हणते, मले शिकाचं आहे. अशा पोराले सरकारकडून काही मदत भेटते का? का हा नुसता नाद आहे?"

बाईचा प्रश्न साधा होता, पण उत्तर साधे नाही. मदत आहे. पुरस्कारही आहेत. तरी आपल्या गावच्या पोरापर्यंत त्या क्वचितच पोचतात. याचे कारण सांगायचे तर आमच्याच गावची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

आमच्या गावात एक म्हातारा होता. सारा जन्म सालगडी म्हणून गेला. अक्षरओळख नव्हती. पण ढोलकी मांडीवर घेतली की गावचा पाटीलही उठून पुढे येऊन बसायचा. दंडार असो, खडी गंमत असो, गुरुवारचे भजन असो, ढोलकी त्याचीच. संध्याकाळी देवळाच्या पारावर तो गावच्या पोरांना बसवायचा, मांडीवर बोटांनी ठेका धरायला लावायचा. फी नाही, वर्ग नाही, हजेरीपट नाही. कोणाच्या घरून पायली-दोन पायली धान आले तर आले. अशी दहा-पंधरा पोरे त्याच्या हाताखालून गेली.

त्यातल्या एका पोराने बारावीनंतर एका शिष्यवृत्तीचा अर्ज आणला. अर्जात रकाने होते. किती वर्षे शिकलास? कोणाकडे शिकलास? शिकवणाऱ्याचे प्रमाणपत्र जोड. म्हातारा त्याच पावसाळ्यात, ऐन रोवणीच्या दिवसांत, गेला होता. अंगठा तरी कोणाचा घेणार? कोणीतरी सुचवले की तालुक्याच्या एखाद्या मास्तराची सही आणून लाव. पोरगा म्हणाला, "ज्यानं शिकवलं त्याचंच नाव टाकीन. दुसऱ्याचं नाही." अर्ज तसाच घडी घालून पेटीत राहिला. तो पोरगा आता दर उन्हाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला जातो. ढोलकी घरी खुंटीला आहे.

दोष कोणाचा? अर्ज मागणाऱ्याचा नाही. सरकारी पैसा द्यायचा तर दाखला मागणारच. दोष आमचा, गावाचा. वीस वर्षे आम्ही त्या म्हाताऱ्याची ढोलकी ऐकली, आणि हा माणूस अमुक सालापासून अमुक पोरांना शिकवतो अशी एक ओळ कोणी कागदावर लिहून ठेवली नाही. माझ्या घरात तर कोऱ्या वह्या पडून होत्या. मीही लिहिले नाही.

म्हणून त्या बाईला जे सांगितले तेच आज तुम्हा सर्वांना सांगतो.

आधी मदतीच्या वाटा पाहू. वयाप्रमाणे पाहिल्या तर लक्षात राहतील.

दहा ते चौदा वर्षांच्या मुला-मुलींसाठी दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती आहे. या केंद्राला लोक सीसीआरटी म्हणतात. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक खात्याखाली ते १९७९ साली निघाले, आणि ही शिष्यवृत्ती ते १९८२ पासून चालवते. आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तेच हे साल. मूल मान्यताप्राप्त शाळेत शिकत असले पाहिजे. वर्षाला ३,६०० रुपये आणि शिवाय शिकवणीची फी, तीही ९,००० रुपयांपर्यंत, असा आजवरचा नियम आहे. गाणे, वाजवणे, नाच, नाटक, चित्र, सारे यात येते. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या एखादी पारंपरिक कला चालत आली आहे अशा घरच्या मुलांसाठी काही जागा वेगळ्या ठेवतात. ही गोष्ट आपल्यासाठी मोलाची आहे. ज्यांच्या घरी आजोबापासून दंडार आहे, त्यांनी ती लाजून लपवू नये. अर्जात ठळक लिहावी.

वर्षाचे ३,६०० म्हणजे महिन्याचे ३०० रुपये. ते ऐकून कोणी हसेल. पण त्या रकमेपेक्षा मोठी गोष्ट अशी की निवड झालेल्या मुलाला शिक्षण संपेपर्यंत ही मदत पुढे चालू राहू शकते, आणि घरच्यांनाही पोराच्या नादाकडे वेगळ्या नजरेने पाहता येते.

अठरा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांसाठी सांस्कृतिक खात्याची दुसरी शिष्यवृत्ती आहे. ती महिना ५,००० रुपये, दोन वर्षे मिळते. हिशेब केला तर एक लाख वीस हजार होतात. शास्त्रीय संगीताबरोबर लोककला आणि पारंपरिक कला यांनाही ती लागू आहे. मात्र आधी गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिकल्याचा दाखला लागतो. आमच्या गावचा पोरगा जिथे अडला, तशीच ही जागा. शास्त्रीय गायन-वादन शिकणाऱ्या तरुणांसाठी आपल्या राज्य सरकारचीही पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे.

तिसरी वाट नागपूरची. तिथे १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. त्यांची गुरू-शिष्य परंपरा नावाची योजना आहे. मागे पडत चाललेली एखादी कला शिकवणारा गुरू, त्याचा साथीदार आणि काही शिष्य यांना मिळून ती मदत करते. गुरूला महिना ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि प्रत्येक शिष्याला १,५०० असे तिचे दर ठरलेले आहेत. म्हणजे ज्या म्हाताऱ्याने फुकट शिकवले, त्याला शिकवण्याचे मानधन मिळू शकले असते, आणि शिकणाऱ्या पोरांना बापासमोर हात पसरावे लागले नसते.

चौथी वाट पुरस्काराची. दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीने २००६ साली उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या नावाने तरुण कलावंतांसाठी पुरस्कार सुरू केला. चाळिशीच्या आतल्या कलावंतांना तो मिळतो. सोबत २५,००० रुपये. संगीत, नृत्य, नाटक यांच्या जोडीला लोककला आणि आदिवासी कलाही त्यात आहेत. बिस्मिल्ला खाँ म्हणजे सनईवाले. लग्नाच्या मांडवाबाहेर बसून वाजवायचे वाद्य त्यांनी मैफलीत नेले आणि २००१ साली भारतरत्न मिळवले. आपल्याकडे लग्नात वाजंत्र्यांना पंगतीत सर्वांच्या शेवटी बसवतात, कधी कधी बसवतही नाहीत. त्या वाजंत्र्याच्या घरी एखादा बिस्मिल्ला जन्मला असेल तर आपल्याला कळायचे कसे?

या साऱ्या योजनांच्या रकमा आणि अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करण्याआधी त्या वर्षीची जाहिरात शाळेतल्या गुरुजींकडून किंवा संगणक केंद्रावरून नीट वाचून घ्यावी. आणि एक लक्षात ठेवा. "तुमच्या पोराला मिळवून देतो, एवढे एवढे द्या" असे सांगणारा कोणी भेटला तर त्याला ओसरीवरूनच परत पाठवा. बैलजोडी विकून पेटी-तबला आणू नका. आधी भजनी मंडळाच्या वाद्यांवर हात बसू द्या.

मोठे पुरस्कारही आपल्या भागाला मिळाले आहेत. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गावोगावच्या मंडळांनी आपल्याच घरी सन्मान आल्यासारखा आनंद केला. आठशेच्या आसपास नाटके आणि पाच हजारांवर प्रयोग त्यांच्या नावावर आहेत. आनंद रास्तच होता. पण तो सन्मान आयुष्य घातल्यावर आला. पुरस्कार म्हणजे धान कोठीत पडल्यावरचा सण. शिष्यवृत्ती म्हणजे पऱ्ह्याला दिलेले पाणी. सणाला सारा गाव जमतो. पऱ्हे सुकत असताना मोटार चालू करायला मात्र घरचेच कोणी उठावे लागते.

आता कोणी म्हणेल, आपल्या तुकडोजी महाराजांना कुठे शिष्यवृत्ती होती? खरे आहे. १९०९ साली यावलीत जन्मलेल्या या माणसाने एका खंजिरीवर आख्खा विदर्भ जागा केला. १९४२ च्या चिमूरच्या लढ्यामागे त्यांच्या भजनांचे बळ होते, हे आपले वाडवडील सांगत आले. १९५५ साली ते जपानलाही गेले. पण मंडळी, तुकडोजी महाराज शतकात एखादा होतो. बाकीच्यांना आधार लागतो. आणि तो पहिला आधार त्यांनीच आपल्याला देऊन ठेवला आहे. गावोगावची गुरुदेव सेवा मंडळे आणि त्यांची भजने हीच आपल्या पोरांची पहिली संगीतशाळा आहे. तिथे पोरगा तालात बसायला शिकतो, चारचौघांत गायला शिकतो. फक्त त्या शाळेचा दाखला कोणी देत नाही.

दाखल्याचे मोल कळण्यासाठी दुसऱ्या एका माणसाची गोष्ट ऐका. कोल्हापूरकडच्या कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, म्हणून मुलाला गाणे शिकायला मिरजेला धाडले. मिरजेच्या संस्थानिकांनी आश्रय दिला, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विद्या दिली. म्हणजे त्यांनाही आधी कोणीतरी हात दिलाच होता. पुढे त्यांनी राजाचा आश्रय सोडला, लोकांसमोर गायले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे कागदावर कसे लिहावे याची पद्धत बसवली, पुस्तके छापली, परीक्षा सुरू केल्या. १९३१ साली त्यांच्या शिष्यमंडळींनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. त्या मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा आजही चालू आहेत. पेटी, तबला, गायन यांच्या परीक्षेला खेड्यातले मूलही बसू शकते. ढोलकीवर हात बसलेल्या पोराला तबल्याची प्रारंभिक परीक्षा फार जड जाणार नाही. त्या प्रमाणपत्राने गाणे गोड होते असे नाही, पण अर्जाचा रकाना भरतो.

एटापल्ली-भामरागडकडच्या आमच्या माडिया बांधवांची अडचण याहून वेगळी आहे. रेला म्हणणारी पोर, ढोल वाजवणारा पोरगा, यांना कोणी एकट्याने शिकवलेले नसते. सारे गाव शिकवते. अर्जात गुरू कोणाला लिहायचे? मला वाटते, अशा वेळी ग्रामसभेने पुढे यावे. आपल्या जिल्ह्याच्या ग्रामसभा काही लेच्यापेच्या नाहीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू आपण विकून दाखवला. जी ग्रामसभा जंगलाचा ठराव लिहू शकते, ती "आमच्या गावची ही पोर इतक्या वर्षांपासून आमच्यात गाते" असाही ठराव लिहू शकते. वडीलधाऱ्या गायतांच्या आणि वाजवणाऱ्यांच्या अंगठ्यांसह तो लिहावा. मंजूर होवो न होवो, गावाजवळ कागद तरी राहील.

आणि ज्या ग्रामसभांना बांबूचे, तेंदूपत्त्याचे चार पैसे मिळतात, त्यांनी वर्षाला एक वाद्य घ्यावे. ज्या गावात नाटकाच्या तिकिटांतून मंडळाकडे काही शिल्लक उरते, त्यांनी त्यातला थोडा भाग एका पोराच्या परीक्षा-फीसाठी बाजूला काढावा. दिल्लीचा पैसा येईल तेव्हा येईल. गावचा पैसा याच वर्षी देता येतो, आणि त्याला अर्ज लागत नाही.

आता वहीचे सांगतो. दोनशे पानी एक वही घ्या. पहिल्या पानावर मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळा. दुसऱ्या पानावर तो कोणाकडे शिकतो त्याचे नाव, गाव, आणि शिकायला लागला ते साल. शिकवणाऱ्याला वर्षातून एकदा, गुरुपौर्णिमेला, घरी जेवायला बोलवा आणि त्या पानावर सही किंवा अंगठा घ्या. साक्षीला सरपंच किंवा मुख्याध्यापक असला तर उत्तम. पुढच्या पानांवर प्रत्येक कार्यक्रमाची नोंद करा. तारीख, गाव, भजन की नाटक, कोणते वाद्य वाजवले, किती बिदागी मिळाली. नाटकाची जाहिरात-पत्रिका, शाळेच्या संमेलनाचे प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातले कात्रण चिकटवून ठेवा. आजकाल घरोघर मोबाईल आहे. महिन्यातून एकदा पोराचे वाजवणे त्यात भरून ठेवा, तारीख सांगून. आधार कार्ड, शाळेचा दाखला, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पुस्तक, हे सारे त्याच पिशवीत राहू द्या.

ही वही पोराइतकीच म्हाताऱ्यांच्याही कामाची आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना राज्य सरकारचे मानधन आहे. तिथेही "तुम्ही कलावंत कशावरून?" हाच पहिला प्रश्न असतो. आयुष्यभर वाजवलेल्या माणसाला त्याचे उत्तर देताना घाम फुटतो. शिष्याच्या वहीत गुरूचे नाव साल-तारखेसह असेल, तर तो कागद दोघांनाही उपयोगी पडेल.

आणि एक बोलणे आयाबायांशी. मुलगी पेटीवर बोट ठेवते म्हणून तिला रागावू नका. वर सांगितलेल्या शिष्यवृत्त्या मुला-मुलींना सारख्याच आहेत. मात्र मुलगा असो की मुलगी, रात्रीच्या जागरणापायी शाळा बुडू देऊ नका. शाळा सुटली की लहानपणची शिष्यवृत्तीही हातची जाते. शनिवारच्या नाटकाला जाऊ द्या, परीक्षेच्या आठवड्यात ढोलकी खुंटीला लावा. बापाचेही चूक नाही. रोवणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही, तेव्हा पोराचे दोन हात त्याला हवेच असतात. ते हात सकाळी बांधीत आणि संध्याकाळी ढोलकीवर, असा सौदा घरातल्या घरात बसून ठरवता येतो.

हे सारे ऐकून ती बाई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भाऊजी, त्याले शिकवते ते आमचे मामाजीच. माह्या नवऱ्याचे काका. आता ऐंशीच्या घरात आहेत. डोळ्याले दिसत नाही."

मी म्हटले, "मग बाई, गुरुपौर्णिमेची वाट नका पाहू."

आमच्या घरी शाळेची एक कोरी वही होती, तीच तिला दिली. काल बाजारात तिचा पोरगा भेटला. वहीच्या दुसऱ्या पानावर निळ्या शाईचा अंगठा होता, थोडा फिसकटलेला, आणि खाली सरपंचाची सही. पोरगा म्हणाला, आजोबांनी अंगठा देण्याआधी विचारले, "कायचा कागद आहे बाप्पा? वावराचा तर नाही?" मग कशाचा आहे ते सांगितल्यावर म्हाताऱ्याने ढोलकी मागवली आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी स्वतः वाजवली.

तुमच्या गावात असा कोणी म्हातारा असेल तर या आठवड्यात त्याच्याकडे जाऊन या. जाताना वही आणि शाईची डबी सोबत असू द्या.

राम राम.